पाळक (पास्टर), वडील (एल्डर), कमिटी: आत्मपरीक्षण प्रामाणिकपणे करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

परळचा_प्रवासी

सर्वांना सलाम.

आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च, मध्य मुंबईतली, जुनी. गिरणगाव भरलेलं होतं तेव्हा रविवारी बाकं पुरत नसत. आता निम्मे सभासद बदलापूर, विरार, पनवेलला राहायला गेलेत आणि लोकल पकडून उपासनेला येतात. यंदा मी पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर, निवडून आलो. पहिल्याच मीटिंगमध्ये पाळकसाहेबांनी एक प्रस्ताव मांडला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळभर पाळकांनी आणि कमिटीने स्वतःचं परीक्षण करायचं आणि त्यातलं जे मंडळीशी संबंधित असेल ते ईस्टरनंतरच्या वार्षिक सभेत मंडळीपुढे ठेवायचं. सगळ्यांनी होकार दिला. मग एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "पण करायचं कसं?" त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि कोणालाच धड सांगता आलं नाही.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, दर वेळी आपण ऐकतो की माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग भाकरीतून खावं. बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल तर सरळच सांगतो, विश्वासात आहात की नाही याची परीक्षा करा. आपण ऐकतो, डोळे मिटतो आणि अर्ध्या मिनिटात ऑर्गन सुरू होतो. त्या अर्ध्या मिनिटात काय तपासायचं हे मला कधी कोणी शिकवलं नाही.

माझं मत असं आहे. ज्याच्या हातात मंडळीचा कारभार आहे त्याचं परीक्षण एकट्याने डोळे मिटून पुरं होत नाही. ज्याला आपल्याकडून काही मिळवायचं नाही आणि आपल्याला भिण्याचंही कारण नाही, अशा माणसापुढे ते बोललं गेलं पाहिजे. आणि प्रश्न असे हवेत की उत्तर दुसऱ्याला पडताळून बघता येईल. "माझं प्रार्थनाजीवन कसं आहे?" याला "बरं आहे, अजून वाढायला हवं" हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. "दानाचे हिशेब गेल्या वर्षी किती तारखेला मंडळीपुढे आले?" याला तसं उत्तर देता येत नाही.

तुमच्याकडे कसं करतात? कोणते प्रश्न, कोणापुढे? पाळकांनी लिहावं, कमिटीवाल्यांनी लिहावं, आणि या दोघांचा कारभार ज्यांना सोसावा लागतो त्यांनी तर जरूर लिहावं.

संडेस्कूलताई

चांगला विषय. एकच विनंती, नेतृत्व म्हटलं की पाळक आणि कमिटी एवढंच धरू नका. वर्गभर पोरं दर रविवारी ज्यांच्या ताब्यात असतात त्या आम्ही शिक्षिका कुठल्याच यादीत नसतो. शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, असं याकोबाने आपल्या पत्रात लिहून ठेवलंय.

तबला_आणि_पेटी

त्या अर्ध्या मिनिटाचा दोष आम्हा वाजवणाऱ्यांवर नको! पाळकसाहेब मान हलवतात म्हणून आम्ही सुरू करतो. पुढच्या प्रभुभोजनाला पाच मिनिटं थांबा म्हणा, आम्ही आनंदाने हात बांधून बसू. :)

डोंबिवली_स्लो

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. परीक्षण हे देव आणि मी यांच्यातलं काम आहे. "हे देवा, माझी झडती घे" असं स्तोत्र १३९ म्हणतं. झडती देवाने घ्यायची, पास्टरेट कमिटीने नाही. पौलही करिंथकरांना पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो की माणसांनी माझा न्याय करावा याचं मला काहीच वाटत नाही, मी स्वतःसुद्धा माझा न्याय करत नाही.

शिवाय माणसांपुढे बोलायला लागलं की साक्षीच्या सभेत होतं तेच होणार. लोक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची दारू सांगतात, जुगार सांगतात. गेल्या आठवड्यात भावाशी जमिनीवरून काय बोलणं झालं ते कोणी सांगत नाही. ऐकणारे रडतात, सांगणारा हलका होतो आणि सोमवारी सगळं होतं तिथेच. मंडळीपुढे परीक्षण ठेवायचं ठरलं की परीक्षणाचा कार्यक्रम होईल. कार्यक्रम आपल्याकडे कमी आहेत का?

परळचा_प्रवासी

@डोंबिवली_स्लो, साक्षीबद्दल शंभर टक्के सहमत. पण पौलाचं पुढचं वाक्यही घ्या ना. माझं मन मला दोषी ठरवत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, असं तो लगेच म्हणतो. म्हणजे स्वतःच्या मनाची ग्वाही पुरेशी नाही हे पौलालाही मान्य आहे.

आणि दावीद राजा. स्तोत्र ५१ आपण उपवासकाळात दर वर्षी म्हणतो. त्याच्या शीर्षकात काय लिहिलंय? नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचं हे स्तोत्र. उरीयाला मारून, त्याच्या बायकोला, बथशेबेला, घरात आणून, मूल जन्माला येईपर्यंत दावीद राज्य करत होता, न्यायनिवाडे करत होता. गरिबाची कोकरी श्रीमंताने कापली ही नाथानची गोष्ट ऐकून त्याचा संताप झाला, म्हणजे न्यायबुद्धी शाबूत होती. फक्त ती स्वतःकडे वळत नव्हती. "तो मनुष्य तूच आहेस" हे दुसऱ्याने तोंडावर सांगावं लागलं.

वसईची_मावशी

जय येशू. मी कॅथलिक, वसईची. तुमच्या घरच्या चर्चेत शिरते आहे, चालेल ना?

आमच्याकडे यासाठी दोन गोष्टी आहेत. एक पापनिवेदन (कन्फेशन), ते सगळ्यांना माहीत आहे. पण ते फक्त आम्हा प्रापंचिकांना आहे असं समजू नका. फादरांनाही दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकावे लागतात, बिशपांना आणि पोपनाही. त्यातून कोणीच सुटत नाही, आणि ऐकणारा ते बाहेर बोलू शकत नाही. तुम्ही म्हणता तो "भिण्याचं कारण नसलेला माणूस" आमच्याकडे नियमानेच ठरवून दिलेला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजची तपासणी, येशूसंघ (जेझुइट) स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलांची. त्यांची आध्यात्मिक साधना १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापली गेली आणि येशूसंघीय आजही ती तपासणी करतात, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. मी एकदाच करते, रात्री, भांडी झाल्यावर. क्रम महत्त्वाचा आहे बरं का. पापापासून सुरुवात करायचीच नाही. आधी दिवसभरात काय काय मिळालं त्याबद्दल आभार. मग देवाकडे उजेड मागायचा, कारण आपलं आपल्याला दिसत नाही. मग सकाळपासून दिवस तासातासाने आठवायचा, कोणाशी काय बोललो, कुठे मन आखडलं. मग क्षमा. मग उद्याचं एक काहीतरी ठरवायचं. दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आभार आधी का, हे मला फार उशिरा उमगलं. आभार मानताना माणसं आठवतात. सकाळी दूधवाल्याने जिना चढून पिशवी आणून दिली. त्याचे आभार मनात येतात आणि लगेच आठवतं, त्याच्याशी आपण कसं बोललो.

संडेस्कूलताई

मावशी, हे आमच्या शिक्षिकांच्या सभेत वाचून दाखवते. चालेल ना?

वसईची_मावशी

अगं विचारतेस काय, दाखव.

कल्याणचा_कीबोर्ड

इथे सगळे कमिटी, बिशप, नियम असलेल्या मंडळ्यांमधले दिसतात. आमच्यासारख्यांचं काय? मी एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये वाजवत होतो. पास्टरनीच सुरू केलेली. ट्रस्टमध्ये ते, पत्नी, मेहुणा. हिशेब कोणी विचारला की एकच वचन, "माझ्या अभिषिक्तांना (म्हणजे देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका." एका मुलाने यूथच्या पैशांबद्दल विचारलं तर पुढच्या रविवारी संदेश होता मोशेविरुद्ध उठलेल्या बंडखोर कोरहावर. पृथ्वीने तोंड उघडलं आणि त्याला गिळलं. पोरगा तिसऱ्या रांगेत बसला होता. सगळी मंडळी त्याच्याकडे बघत होती.

तिथे पास्टरना आत्मपरीक्षण करा म्हणून सांगणार कोण?

निवृत्त_वडील

कीबोर्डदादा, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. त्या मुलाची कोणी विचारपूस केली का नंतर?

त्या वचनाबद्दल लिहितो, कारण ते भलत्याच जागी वापरलं जातं. स्तोत्र १०५ मध्ये ते वाक्य आहे, आणि तिथे विषय आहे अब्राहाम, इसहाक, याकोब परदेशी म्हणून फिरत होते तेव्हाचा. राजांनी त्यांना इजा करू नये, असं देव बजावतो आहे. हिशेब विचारणाऱ्याला गप्प करण्याशी त्याचा संबंध नाही. दाविदाने शौल राजाला "परमेश्वराचा अभिषिक्त" म्हणून हात लावला नाही हे खरं. पण एन-गेदीच्या गुहेबाहेर येऊन, झग्याचा कापलेला तुकडा हातात धरून, त्याने शौलाला सगळ्या सैन्यादेखत विचारलं की मी तुझं काय वाईट केलं, माझ्या जिवावर का उठलास? मारायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही, दोन्ही त्याच अध्यायात आहे.

आणि नेत्याने परीक्षण कसं द्यावं याचा नमुना हवा असेल तर १ शमुवेल १२ काढा. संदेष्टा शमुवेल म्हातारा झालाय, कारभार सोडतोय. सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला लुबाडलं, कोणाकडून लाच खाऊन डोळेझाक केली? असेल तर आत्ता राजासमोर सांगा, मी परत करतो. प्रश्न किती साधे आहेत बघा. बैल, गाढव, लाच. ज्याचा बैल गेला असेल त्याला हो किंवा नाही सांगता येतं. शमुवेलाचे स्वतःचे मुलगे लाच खात होते हे चार अध्याय आधी आलंय, आणि बोलताना तो मुलांचा उल्लेख करतो पण त्यांच्याबद्दल प्रश्न विचारत नाही. तेही पवित्र शास्त्राने लपवलेलं नाही.

कुर्ल्याचा_वाचक

वडील, "बैल, गाढव, लाच" हे आमच्या वार्षिक सभेच्या नोटिशीवर छापून घेऊ का?

निवृत्त_वडील

जरूर घ्या. आमच्या वेळी गाढवाच्या जागी पार्सोनेजचा (पाळकांच्या घराचा) एसी होता.

सीए_भगिनी

प्रवासीदादांचा मूळ मुद्दा पडताळता येणाऱ्या प्रश्नांचा आहे, म्हणून माझ्या कामातलं सांगते.

मंडळीचा ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. हिशेब दर वर्षी ऑडिट करून धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करावे लागतात, मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे झालं की नाही, एवढं विचारलं तरी अर्धं परीक्षण होतं. वारलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं विश्वस्त म्हणून चालू असलेली मी पाहिली आहेत. कीबोर्डदादा, स्वतंत्र फेलोशिपचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर हाच कायदा त्यांनाही आहे. वचन कोणतंही सांगितलं तरी.

उरलेलं अर्धं दानमोजणीच्या टेबलावर कळतं. नीट मोजणी कशी दिसते सांगते. उपासना संपल्या संपल्या, वेस्ट्रीत (पाळकांच्या तयारीच्या खोलीत), दार उघडं. एका घरातले दोघे मोजायला नाहीत. पाकिटं आधी, पाकिटावरचा आकडा आतल्या रकमेशी ताडून. मग सुट्ट्या नोटा मूल्याप्रमाणे गठ्ठ्यांत, नाणी दहा-दहाच्या चवडीत. रजिस्टरमध्ये शाईने रक्कम, आकड्यात आणि अक्षरात, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या, खोडाखोड असेल तिथे पुन्हा सह्या. सोमवारी बँकेत तीच रक्कम, स्लिप रजिस्टरला टाचलेली. "यातून रिक्षाचे देऊन टाक, नंतर बघू" हे वाक्य मोजणीच्या टेबलावर आलं की समजावं, कुठेतरी ढिलाई सुरू झाली. हल्ली यूपीआय आल्यापासून नवा प्रश्न आहे, तो क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा आहे की कोणाच्या स्वतःच्या? जाऊन बघा.

पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेली देणगी नेताना आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि करिंथकरांना तसं कळवलंही. पौलावर अविश्वास होता म्हणून नव्हे.

पार्सोनेजमधून

मी पाळकाची पत्नी. नाव देत नाही, समजून घ्या.

पाळकाचं परीक्षण मागता, मागा. पण कमिटीने आधी आपलं सांगावं. पाळकाचा पगार गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात वेळेवर झाला? पार्सोनेजची गळती पावसाआधी दुरुस्त केली की पावसानंतर? दर आठवड्याची सुट्टी कागदावर आहे, त्या दिवशी तुमच्यापैकी कोणी कोणी फोन केला?

आणि पाळकांना विचारायचं असेल तर प्रार्थनाजीवनाचं नंतर विचारा. घरच्यांना विचारू द्या की तू आमच्याशी कसा बोलतोस. पुलपिटवर आवाज मऊ आणि घरात दुसराच, हे मुलांना सगळ्यात आधी कळतं. तीमथ्याला लिहिताना पौल मंडळीच्या अध्यक्षाच्या गुणांत घर चांगलं चालवणं घालतो ते उगीच नाही. हे परीक्षण बायकामुलांवर दडपण न आणता कसं करायचं, ते मला अजून नीटसं सुचलेलं नाही. कमिटीपुढे मी नवऱ्याविरुद्ध बोलणार नाही. कोणतीच बाई बोलणार नाही. पण बाहेरच्या मंडळीतल्या एखाद्या शहाण्या, वयस्क बाईशी मात्र बोलेन.

डोंबिवली_स्लो

बाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कमिटीने आधी सांगावं हा मुद्दा मला पूर्ण पटला.

जुन्या_बखरी

थोडं इतिहासात जातो, कारण आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासात याची फार मोठी उदाहरणं आहेत आणि ती मिशनरी कथांमध्ये हरवतात.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. देशात नाव, परदेशात नाव, विधवांसाठी काम जोरात. आणि त्याच रमाबाई पुढे स्वतःच्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही. काम बंद पडलं म्हणून, कोणी आरोप केला म्हणून हे आलेलं नाही. सगळं नीट चालू असताना आलं. आपल्यापैकी कोणाचं काम त्यांच्याइतकं असतं तर हा प्रश्न मनात यायला जागा तरी उरली असती का, मला शंका आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ चं जे आत्मिक जागरण झालं, त्याच्या केंद्रस्थानी मुलींचं पापकबूल करणं आणि प्रार्थनाच होती.

दुसरे जॉर्ज बोवेन. १८४८ मध्ये मिशनरी म्हणून मुंबईत आले. इथल्या माणसांपेक्षा आपलं राहणं फार वरचं आहे, त्यामुळे आपल्या बोलण्याला वजन येत नाही असं वाटून थोड्याच काळात मिशनचा पगार सोडला. शिकवण्या करून, बाजारात साध्या खोलीत राहून मुंबईतच काम केलं आणि १८८८ मध्ये इथेच वारले.

आणि ना. वा. टिळक. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, पुढे वीसेक वर्षं मिशनचं काम. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला. वय तेव्हा पंचावन्नच्या पुढे. बोवेन आणि टिळक, दोघांचंही परीक्षण पडताळता येण्यासारखं होतं. पगार सोडला की नाही हे कोणालाही दिसतं.

तबला_आणि_पेटी

बोवेन म्हणजे कुलाब्याचं बोवेन मेमोरियल ते हेच का?

जुन्या_बखरी

हो, तेच. मेथडिस्ट चर्च.

तबला_आणि_पेटी

इतक्या वेळा समोरून गेलोय, पाटी वाचली होती, माणूस माहीत नव्हता. टिळकांची भजनं मात्र आमच्याकडे अजून टाळमृदंगावर होतात. तरुण संघाला कीबोर्ड हवा असतो, त्यावरून दर वर्षी वाद. तो वेगळा धागा.

नवी_मुंबई_सेल

जुन्या_बखरी, पगार सोडणं हीच कसोटी केली तर आजचे पाळक मुंबईत राहणार कुठे? ऐरोलीत वन बीएचकेचं भाडं काय आहे बघा. गरिबी हे पवित्रतेचं प्रमाणपत्र करू नका.

मोजणीबद्दल मात्र एक सांगतो. उपस्थिती, बाप्तिस्मे, सेल (घरोघरी भेटणारे लहान गट) किती वाढले यालाच आमच्याकडे मूल्यमापन म्हणतात. अमेरिकेतल्या विलो क्रीक मंडळीने, एवढी मोठी मंडळी, २००७ मध्ये स्वतःचीच पाहणी जाहीर केली. कार्यक्रमांत भाग घेणं वाढलं म्हणून लोकांची देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढते असं दिसत नाही, हे त्यांनी उघड मान्य केलं. इतकी वर्षं ज्याच्यावर सगळं उभं केलं तेच चुकीचं मोजत होतो हे सांगायला धैर्य लागतं. पण पुढे त्याच मंडळीच्या संस्थापक पाळकांना गैरवर्तनाच्या आरोपांनंतर २०१८ मध्ये पद सोडावं लागलं, आणि ते आरोप सुरुवातीला नेतृत्वाने फेटाळले होते. म्हणजे कार्यक्रमांचं परीक्षण झालं, माणसाचं राहून गेलं.

जुन्या_बखरी

गरिबीचा मुद्दा मान्य. मला पगार नव्हे, किंमत म्हणायचं होतं. परीक्षणातून काहीतरी सोडावं लागलं का, एवढंच.

कल्याणचा_कीबोर्ड

ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांचंही तसंच. २०२० मध्ये वारले तेव्हा जगभर आदरांजल्या. २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात स्त्रियांशी केलेलं लैंगिक गैरवर्तन पुढे आलं. त्याआधी एका बाईने तक्रार केली तेव्हा संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली होती. मी त्यांचे व्हिडिओ पाहूनच विश्वासात टिकलो, म्हणून जास्त लागलं. त्यांना रोज विचारणारं कोणी असतं तर त्या बायकांचं आयुष्य वाचलं असतं.

@निवृत्त_वडील, तो मुलगा आता आमच्याच घरसभेत येतो. बोलत नाही फारसा. येतो.

निवृत्त_वडील

देवाची स्तुती असो. त्याला माझा सलाम सांगा.

कुर्ल्याचा_वाचक

एक प्रश्न या यादीत कोणी घालत नाही म्हणून मी घालतो. जात. आपले आजे-पणजे नगर-जालन्याकडून जातीचं ओझं टाकायला मंडळीत आले. आज लग्नाची बोलणी सुरू झाली की "तुमचं मूळ गाव कोणतं" असं विचारतात, गाव कशाला हवं असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. कमिटीत कोण निवडून येतं, कोणाच्या मयताला मंडळी भरते, कोणाच्या मयताला चार माणसं असतात. कोणत्या पाळकाने उपवासकाळात यावर स्वतःला प्रश्न विचारलाय?

संडेस्कूलताई

+१. नाताळच्या नाटकात मरीया कोणाची मुलगी होते हेही बघा.

पाळक_मध्य_रेल्वे

मी पाळक. कुर्ल्याच्या भावाने विचारलं म्हणून आधी त्याला उत्तर. विचारला आहे, आणि मयताचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या मंडळीलाही लागू आहे. या वर्षी तो प्रश्न लिखित स्वरूपात कमिटीपुढे ठेवणार आहे.

आता मूळ प्रश्न. प्रवासीदादा, तुमच्या पाळकांनी धाडस केलंय, त्यांना माझा निरोप द्या. धाडस का म्हणतो? आमच्या बदल्या होतात. कमिटीत दोन गट असतात. उपवासकाळात मी मनापासून लिहिलेली गोष्ट बदलीच्या वेळी बिशपांपुढे पुरावा म्हणून ठेवली जाऊ शकते. पाळक बोलत नाहीत ते नेहमी गर्वाने नाही, कित्येकदा भीतीने. म्हणून "ज्याला भिण्याचं कारण नाही असा माणूस" याच्या जोडीला "ज्याची आपल्याला भीती नाही असा माणूस" असंही हवं.

आम्ही तीन पंथांचे तीन पाळक महिन्यातून एकदा दादरला भेटतो. कोणाची बदली, बढती कोणाच्या हातात नाही. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लहान गटांसाठी १७३८ मध्ये जे प्रश्न घातले गेले त्यांतले चार आम्ही वापरतो. मागच्या भेटीपासून माहीत असलेलं कोणतं पाप केलं? कोणता मोह आला? त्यातून सुटका कशी झाली? आणि असं काय केलं, बोललं, मनात आणलं, जे पाप आहे की नाही याची शंका आहे? चौथ्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो. नुसत्या पापाचं उत्तर सोपं असतं, शंकेचं नाही.

गंमत म्हणजे मेथडिस्टांचे बारा-बारा जणांचे वर्ग १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले ते कर्ज फेडायला. आठवड्याला एक पेनी गोळा करायला एक जण घरोघर जायचा. तो जायला लागल्यावर त्याला दिसायला लागलं की घरात काय चाललंय, आणि पेनीच्या जोडीने जिवाची विचारपूस सुरू झाली. सीए भगिनींचा हिशेब आणि मावशींची तपासणी एकाच दारात भेटतात ती अशी.

त्यात माझा एक प्रश्न मी स्वतःपुरता जोडला आहे. या महिन्यात ज्यांच्याकडून मला काहीच मिळणार नाही अशा किती माणसांना भेटलो? आमच्या परिसरात याची परीक्षा लगेच होते. परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फूटपाथवर बीड, लातूर, नगरकडून आलेली माणसं राहतात. पत्र्याच्या पेटीवर स्टोव्ह, केमोच्या तारखेचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून कमरेला. त्यांत आपल्या मंडळ्यांतलीही असतात. ती माझी सभासद नाहीत, दान देणार नाहीत, मतदानाला नाहीत. भेटींच्या वहीत त्यांची नावं कुठे आहेत ते मी आधी बघतो.

आणि तबलावाले भाऊ, यापुढे पाच मिनिटं मान हलवणार नाही.

तबला_आणि_पेटी

पाळकसाहेब, आपण वेगळ्या मंडळीत आहोत, पण शब्द दिलात तो आमच्या पाळकांना दाखवतो!

कांदिवलीची_लेक

इतका वेळ वाचत होते. मला उलटा त्रास आहे. सतत तपासत राहते. प्रभुभोजनाला जाताना अयोग्य रीतीने खाल्लं तर, या भीतीने कित्येकदा उठलेच नाही बाकावरून. नेतृत्व वगैरे काही नाही माझ्याकडे. अशा धाग्यांनी ती भीती वाढते. यावर कोणी काही सांगेल का?

वसईची_मावशी

बाळा, बरं झालं लिहिलंस. इग्नेशियसना स्वतःला हे झालं होतं. स्पेनमधल्या मानरेसाला असताना तीच ती पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचे, तरी मनाला स्वस्थता नाही, जीव द्यावा इथपर्यंत विचार आले. तपासणी शिकवणाऱ्या माणसाचीच ही गत झाली होती. ते त्यातून बाहेर आले ते जुनी पापं उकरायचं ठरवून थांबवल्यावर. तू सध्या आभारांचा भाग तेवढाच कर, बाकीचं सोड. आणि जवळच्या माणसाशी बोल, मन फार खचत असेल तर डॉक्टरांशीही. त्यात विश्वास कमी पडत नाही.

पाळक_मध्य_रेल्वे

मावशींना अनुमोदन. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल कोणाला रागावतोय ते बघा, ताई. जे आधी येऊन पोटभर खात होते आणि गरिबांना उपाशी ठेवत होते त्यांना. स्वतःला अयोग्य समजून बाकावर बसणाऱ्या मुलीला नाही. शिवाय तो "परीक्षा करा आणि मग खा" म्हणतो, "परीक्षा करा आणि बसून राहा" म्हणत नाही. पुढच्या वेळी उठा.

कांदिवलीची_लेक

धन्यवाद. दोघांनाही.

परळचा_प्रवासी

काल कमिटीची मीटिंग झाली. हा धागा छापून नेला होता, नावांशिवायच्या पोस्टी असल्या तरी सगळ्यांनी वाचल्या. ठरलं ते असं. आधी कमिटी आपलं सांगणार, मग पाळक. पार्सोनेजमधून लिहिणाऱ्या बाईंमुळे हे झालं. पगाराच्या तारखा, गळतीची दुरुस्ती, ऑडिट, बदल अर्ज, मोजणीचं रजिस्टर, क्यूआर कोड हे सगळं कागदावर, वार्षिक सभेत. मयतांचा आणि भेटींचा प्रश्नही त्यात. जे आतलं आहे ते सभेत येणार नाही. त्यासाठी प्रत्येकाने बाहेरच्या मंडळीतला एक माणूस निवडायचा आणि फक्त "भेट झाली" एवढंच सेक्रेटरींना कळवायचं. पाळकांच्या घरच्यांसाठी दुसऱ्या मंडळीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांना विचारणार आहोत. संडे स्कूलचा समावेश आहे.

दोन सभासद विरोधात होते. त्यांचा विरोध मिनिट्समध्ये नोंदवला.

डोंबिवली_स्लो

आतलं सभेत येणार नाही, हे ठरवलंत म्हणून माझा विरोध निम्म्यावर आला. तरी एक. "भेट झाली" एवढं कळवणं पुढच्या वर्षी सहीचा उपचार होऊन बसेल. त्याचं काय?

परळचा_प्रवासी

होऊ शकेल. ठोस उपाय सुचला तर इथेच सांगा, मीटिंग पुन्हा महिन्याने आहे.

सीए_भगिनी

दर वर्षी माणूस बदलायचा की तोच ठेवायचा, ते आधी ठरवा. ऑडिटर बदलतात त्याला कारण असतं. पण इथे तोच राहिला तर त्याला मागच्या वर्षीचं आठवेल आणि तो विचारेल. मला तोच ठेवावासा वाटतो.

पाळक_मध्य_रेल्वे

तोच ठेवा, निदान तीन वर्षं. आमच्यात दुसऱ्या वर्षी खरं बोलणं सुरू झालं.

परळचा_प्रवासी

ठीक, तीन वर्षं मांडतो. अजून एक अडचण, हिशेब आणि भेटींची वही आमच्याबाहेरच्या कोणीतरी वार्षिक सभेत वाचून दाखवावी असं पाळकसाहेबांना वाटतं. सभासद नसलेल्याला सभेत बोलता येतं का?

सीए_भगिनी

तुमच्या मंडळीच्या घटनेत (नियमावलीत) काय आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी अध्यक्षांच्या परवानगीने निमंत्रित म्हणून बोलता येतं, मत देता येत नाही. नोटिशीत आधी विषय म्हणून घाला आणि निमंत्रिताचं नाव मिनिट्समध्ये लिहा, म्हणजे नंतर कोणी हरकत घेणार नाही.